न समजलेली ओळ

पितृपक्ष लागायच्या आदल्या दिवशी काकांचा फोन आला. "बाय, आजीची तिथी पुसली कोणी?" आजी म्हणजे त्यांची आजी, माझी पणजी, यशोदा. काका सोप्यावर लॅपटॉप उघडून म्हाळाची यादी काढत बसले होते. भटजींना दिवस कळवायचा, केळीची पानं सांगून ठेवायची, आणि नेमका पणजीच्या नावापुढचा चौकोन कोरा. (काका बोलतात कोंकणीत, मी इथे मराठीत लिहिते आहे. आमच्या गोव्यातल्या घरात हे असंच चालत आलंय: बोलणं कोंकणी, वही मराठी, जुने कागद पोर्तुगीज आणि आता फाइल इंग्रजी.) मी म्हटलं, तुम्हाला तर सगळ्यांच्या तिथ्या तोंडपाठ. तर म्हणाले, "मला पंचमी वाटते. पण वाटण्यावर कोणी श्राद्ध घालतं का?"

तिथी वहीत सापडली, भाद्रपद वद्य पंचमीच होती, म्हाळही वेळेवर झाला. माझ्या डोक्यातून मात्र तो कोरा चौकोन जाईना. घडलं होतं ते अगदी साधं. पोर्तुगालला असलेल्या माझ्या चुलतभावाने घराण्याची फाइल एका नव्या, फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली, आपल्या मुलीचं नाव घातलं, सेव्ह केली आणि सगळ्यांना परत पाठवली. बिचाऱ्याने दुसऱ्या कशालाही हात लावला नव्हता. पणजीच्या मृत्यूच्या तारखेच्या जागी कंसात 'भाद्रपद वद्य पंचमी' असं लिहिलं होतं. त्या प्रोग्रॅमने तिथे दिवस-महिना-साल शोधलं, मिळालं नाही, म्हणून सेव्ह करताना ती ओळच गाळली. एरर नाही, 'खात्री आहे का?' असा प्रश्न नाही. पणजीच्या बरोबरीने आणखी कितीतरी तिथ्या गेल्या, आणि प्रत्येक सुनेपुढे काकांनी मुद्दाम घालून घेतलेला तिच्या माहेरचा कुळदेवही गेला. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पोथी रद्दीत घालणारा उत्साही माणूस असतो ना, तशातला तो प्रकार. घर मात्र चकचकीत दिसत होतं. फाइल पहिल्यापेक्षा नीटनेटकी झाली होती, हे मला धंद्यानेच प्रोग्रॅमर असल्यामुळे कबूल करावं लागलं आणि त्याचाच जास्त राग आला.

प्रोग्रॅमला ती ओळ समजली नव्हती, एवढंच.

या फायलींना जेडकॉम म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण आत पाहिलं तर साधा मजकूर, नोटपॅडमध्येसुद्धा उघडतो. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक आकडा, मग इंग्रजी कॅपिटलमधला एक टॅग, मग लागेल तो मजकूर. शून्य आकडा म्हणजे नवा माणूस किंवा नवं कुटुंब सुरू झालं. एक म्हणजे त्याच्याबद्दलची गोष्ट: नाव, जन्म, मृत्यू. दोन म्हणजे त्या गोष्टीबद्दलची गोष्ट: जन्माची तारीख, जन्माचं गाव. आडनाव दोन तिरक्या रेघांमध्ये घालायचं. माणसाला एक नंबर, कुटुंबाला एक नंबर, आणि ते नंबर वापरून कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाची बायको हे एकमेकांना बांधायचं. टॅग बहुतेक चार-चार अक्षरांचे असल्यामुळे गमतीही होतात. मृत्यूचा टॅग डीईएटी आणि तारखेचा डीएटीई. अक्षरं तीच, फक्त ई दुसऱ्या जागेवरून उठून शेवटी गेलेला. रात्री उशिरा काम करताना हे दोन टॅग डोळ्यांना एकच दिसायला लागतात.

हा साचा बनवला अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चने, १९८४ मध्ये. त्यांच्याकडे वंशावळ ही हौस नव्हे, धर्मकृत्य आहे. मेलेल्या पूर्वजांच्या वतीने जिवंत वंशजाने देवळात संस्कार करून घ्यायचे, त्यासाठी पूर्वज नावानिशी माहीत हवेत. हे वाचल्यावर मला त्या मंडळींबद्दल एकदम आपुलकी वाटली. पितरांसाठी दर वर्षी पान मांडणाऱ्या घरातल्या माणसाला यात नवल कसलं? त्यांच्या साच्यात 'टेंप' नावाचा एक टॅगच आहे, टेंपलचा. मी हरखून वाचायला गेले, तर तो फक्त त्यांच्या देवळांच्या ठरावीक कोडसाठी. मंगेशीला तिथे जागा नाही. जातीसाठी मात्र टॅग आहे, 'कास्ट', नुसता स्पष्ट चार अक्षरी. गोत्रासाठी नाही, कुळदेवासाठी नाही, मुंजीसाठी नाही. ज्यूंच्या बार मित्झ्वाला आहे. तारखांसाठी ग्रेगोरियन, ज्युलियन, हिब्रू अशी पंचांगं चालतात आणि फ्रेंच राज्यक्रांतीत निघालेलं, जेमतेम बारा वर्षं चाललेलं पंचांगसुद्धा चालतं. शालिवाहन शक नाही. कुणी दुष्टपणाने वगळलंय असं अजिबात नाही. ज्यांच्यासाठी केलं त्यांच्या पूर्वजांना शक लागत नव्हता.

पण त्याच साच्यात एक भली सोयही ठेवलेली आहे. नियमात न बसणारी तारीख असेल तर ती कंसात शब्दांत लिहा. आणि तुम्हाला हवा तो टॅग नसेल तर अंडरस्कोअर लावून स्वतःचा बनवा. म्हणजे आमची कंसातली पंचमी आणि अंडरस्कोअरवाला कुळदेव दोन्ही कायदेशीर होते. साच्याने जागा दिली होती, वाचणाऱ्या प्रोग्रॅमने ती दिली नाही.

आमच्याकडे ही फाइल कशी आली, तेही जरा सांगायला हवं, कारण गोव्यात वंशावळ कोणी केवळ कुतूहलाने काढत नाही. कागद लागतो म्हणून काढतात. आजोबांच्या नावावरचं भाट, म्हणजे माडांची बागायत, वाटून घ्यायचं असेल तर नोटरीसमोर सक्सेशन डीड करावी लागते आणि त्यात सगळे वारस, त्यांचे नवरे, त्यांच्या बायका नावानिशी यावे लागतात. देवस्थानच्या महाजनांच्या, म्हणजे वंशपरंपरेने सभासद असणाऱ्यांच्या, यादीत नाव चढवायचं तर बापापर्यंतचा, आजापर्यंतचा धागा दाखवावा लागतो. आणि गेल्या काही वर्षांत पोर्तुगीज पासपोर्ट. १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्या आजोबाचा जन्मदाखला हुडकत नातवंडं रजिस्ट्रारच्या कचेरीत रांगा लावतात. माझ्या चुलतभावाची फाइल तिथूनच सुरू झाली. त्या दाखल्यावर आमच्या आजोबांचं नाव केशव हे क्यूने सुरू होऊन मध्ये एक्स घेऊन येतं, शाळेच्या दाखल्यावर केने, आणि मतदार यादीत तिसऱ्याच तऱ्हेने. जेडकॉममध्ये एका माणसाला हवी तितकी नावं देता येतात, हा मला त्या साच्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो. कचेरीतल्या माणसाला तो पटवून देता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

फाइलच्या आधी वही होती, आणि वहीच्या आधी कागद. तो कागद मी लहानपणी एकदाच नीट पाहिलेला आठवतो. कापडावर चिकटवलेला, गुंडाळीचा, उलगडताना कडा करकरायच्या. कापराचा आणि कसरीने खाल्लेल्या खळीचा मिळून एक वास. वर मूळपुरुषाचं नाव, त्याखाली 'कुठ्ठाळीहून'. १५६० मध्ये कुठ्ठाळीहून मंगेश देव जुवारी नदी ओलांडून प्रियोळला आला आणि त्याच्या मागोमाग आमची मंडळी, असं घरात सांगतात. कागदावर या सगळ्यासाठी तो एकच शब्द आहे. लिपी मोडी. आजोबांनी त्यावरून बाळबोधीत वही उतरून काढली, काकांनी वहीवरून तिथ्या वाढवल्या, चुलतभावाने वहीवरून फाइल केली. म्हणजे उघडणं, वाचणं आणि नव्याने सेव्ह करणं हे काम आमच्या घरात संगणक यायच्या कितीतरी आधीपासून चालू होतं.

वही आणि कागद शेजारी ठेवून पाहिल्यावर मला आजोबांची एक पद्धत कळली. जिथे मोडी लागली नाही तिथे त्यांनी अंदाज ठोकलेला नाही. आडवी रेघ मारून तेवढी जागा सोडली आहे. काही ठिकाणी पहिलं अक्षर लागलंय, तिथे 'वि' लिहून पुढे रेघ. त्या रेघा बघून मला फार बरं वाटलं; हा माणूस माझ्या धंद्यात असता तर उत्तम प्रोग्रॅमर झाला असता. पण मूळ कागदावर मधूनमधून 'कन्या' असं लिहून पुढे नावं आहेत आणि ती व्यवस्थित वाचता येतात. वहीत त्या जागी काहीच नाही. जे वाचता आलं नाही त्याच्यासाठी रेघ, आणि जे वाचता येत होतं त्यातल्या मुली गायब. आजोबांच्या दृष्टीने त्या दुसऱ्या घरच्या वंशावळीत जाणार होत्या. त्या दुसऱ्या घरच्या वहीतही त्या नसणार, कारण तिथे लग्नात तांदळात लिहिलेलं नवीन नाव असणार आणि माहेर म्हणून फक्त गावाचं नाव. हे आजोबांना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू?

मग मी ठरवलं की एक एडिटर आपणच लिहायचा. ग्रॅम्प्ससारखे मोठे, चांगले, फुकट प्रोग्रॅम आहेत, आणि कुणाला खरोखर वंशावळीचं काम करायचं असेल तर त्याने तेच घ्यावेत. मला हवी होती एक लहान वस्तू: डाव्या बाजूला माणसांची यादी, उजवीकडे निवडलेल्या माणसाच्या ओळी, प्रत्येक ओळ जशी फाइलमध्ये आहे तशी. आणि एकच वचन. जी ओळ समजत नाही ती जशीच्या तशी परत लिहायची.

ऐकायला हे सोपं वाटतं आणि बऱ्याच अंशी आहेही. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एका ओळीचे चार तुकडे केले: आकडा, नंबर असल्यास नंबर, टॅग, आणि उरलेलं सगळं. ज्या ओळीचा आकडा एकने मोठा ती आदल्या ओळीची लेक, बरोबरीचा असेल तर बहीण. बस, झाड उभं राहिलं. बहुतेक प्रोग्रॅम यापुढे जातात: माणूस नावाचा एक साचा करतात, त्यात नाव, जन्म, मृत्यू असे खण पाडतात आणि फाइलमधलं जे ज्या खणात बसेल ते बसवतात. सेव्ह करताना खणांमधून परत ओळी तयार करतात. ज्याला खणच नव्हता ते परत कुठून येणार? गळती होते ती इथे. म्हणून मी खण पाडलेच नाहीत. माझ्या प्रोग्रॅमला जन्म म्हणजे काय हे माहीतच नाही. त्याला एवढंच ठाऊक आहे की इथे एक ओळ आहे आणि तिच्या पोटात आणखी दोन. तुम्ही एखादी ओळ बदललीत तर ती बदलते. बाकीच्या मूळ बाइटसकट (बाइट म्हणजे संगणकाच्या साठवणीचा लहानसा तुकडा) तशाच पडून राहतात.

परीक्षाही एकच ठेवली. फाइल उघडायची, काहीही न करता सेव्ह करायची, मग दोन्ही फाइली बाइटला बाइट जुळवून बघायच्या. विंडोजमध्ये त्यासाठी जुनी एफसी कमांड आहे, काळ्या पडद्यावर उत्तर देते. फरक शून्य असला पाहिजे. या परीक्षेने देवनागरीच्या अशा गाठी बाहेर काढल्या की माझ्यासारख्या, दिवसभर इंग्रजी हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळणारीला त्या कधी दिसल्याच नसत्या. नोटपॅडने सेव्ह केलेल्या फाइलच्या तोंडाशी तीन अदृश्य बाइट बसलेले असू शकतात. ते न ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला पहिलीच ओळ अनोळखी वाटते. काकांनी मराठी कीबोर्ड चालू असताना ओळीच्या सुरुवातीचा आकडा देवनागरी '१' असा टाइप केला, तर पायथनने तो मुकाट्याने एक म्हणून वाचला. त्याला देवनागरी अंक येतात. दुसरा प्रोग्रॅम तिथेच अडेल. जुन्या नियमानुसार एक ओळ २५५ अक्षरांपेक्षा लांब नको, लांब टीप असेल तर तुकडे करून जोडायची. पण अक्षरांऐवजी बाइट मोजणारे प्रोग्रॅम आहेत, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे पंच्याऐंशी चिन्हांत ओळ भरली. मात्रा, वेलांटी, हलन्त सगळी वेगळी मोजायची. ओळीतला आकडा, टॅग आणि मोकळ्या जागा मात्र एकेक बाइटच्या, त्यामुळे अशा प्रोग्रॅमची कात्री कधी कधी चिन्हाच्या मधोमध पडते आणि 'पुंडलीक'चा शेवट काळ्या चौकटीतल्या प्रश्नचिन्हात होतो.

सगळ्यात लबाड निघाला 'पायऱ्या'मधला अर्धा र. एका चुलत आजोबांच्या टिपेत 'देवळाच्या पायऱ्यांवरून पडून' असं होतं. हा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्त्याचं ऱ वापरून. दुसरी, साध्या र-ला हलन्त देऊन मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. काकांच्या लॅपटॉपवरून एक तऱ्हा येते, चुलतभावाच्या फोनवरून दुसरी. डोळ्यांना दोन्ही सारख्याच, शोधायला गेलात तर एक सापडते, दुसरी नाही. आणि 'नको ती अदृश्य चिन्हं' स्वच्छ करणारा प्रोग्रॅम मध्ये आला की ते जोडचिन्ह उडतं आणि 'पायऱ्या'चा र 'सूर्या'च्या रफारासारखा टोपी होऊन य-च्या डोक्यावर जाऊन बसतो. माझ्या मते हा एक अपमानच आहे, भले काकूला तो हास्यास्पद वाटो.

पुढची गोष्ट जास्त अवघड होती, कारण ती बाइटची नव्हती. जेडकॉममध्ये नातं दोनदा लिहितात. कुटुंबाच्या नोंदीत लिहायचं की अमक्या नंबरचा मुलगा आमचा, आणि मुलाच्या नोंदीत लिहायचं की मी अमक्या नंबरच्या कुटुंबातला. दोघांनी एकमेकांची साक्ष द्यायची. आमच्या फाइलमध्ये काही साक्षी एकतर्फी निघाल्या. कुटुंब म्हणतं हा आमचा, मुलगा काही बोलत नाही. बहुतेक ठिकाणी कारण किरकोळ होतं, कोणीतरी हाताने घातलेली ओळ. एका ठिकाणी मात्र तसं नव्हतं. आमच्या मधल्या शाखेत एक दत्तक झालेलं आहे, ते सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. साच्यात त्यासाठी सोय आहे, मुलाला दोन कुटुंबं देता येतात, एक जन्माचं आणि एक दत्तकाचं. काकांनी वहीत फक्त दत्तकाचं घर ठेवलं होतं. पण जन्मदात्या आईच्या कुटुंबाच्या नोंदीत त्या मुलाचा नंबर होता. कोणी घातला? चुलतभाऊ म्हणतो, मी नाही. काकूला विचारलं तर तिने फणस कापता कापता सुरी तेलात बुडवली आणि म्हणाली, "आईने नाव घातलं असेल तर राहू दे की."

माझ्या सहकाऱ्याने सुचवलं होतं की एकतर्फी साक्ष दिसली की प्रोग्रॅमनेच दुसरी बाजू भरून टाकावी, दोन मिनिटांचं काम आहे. खरंच दोन मिनिटांचं आहे. मी ते केलं नाही. अशी ओळ पिवळी दिसते, बस. ज्याला भरायची त्याने भरावी, ज्याला पुसायची त्याने स्वतःच्या हाताने पुसावी. तसंच 'हे दोघे एकच असावेत, एकत्र करू का?' हेही ठेवलं नाही. ज्या घरात नातवाला आजाचं नाव ठेवतात, तिथे विठ्ठल पुंडलीक, त्याचा पुंडलीक विठ्ठल, त्याचा परत विठ्ठल पुंडलीक अशी माळ लागते. एका क्लिकमध्ये तीन पिढ्यांचा एक माणूस करून टाकणाऱ्या बटणाची मला भीती वाटते.

मुली मात्र मी परत घातल्या, आणि त्यासाठी वही काही कामाची नव्हती. कामाला आल्या त्या नोटरीच्या जुन्या डीड. इथे पोर्तुगीज सिव्हिल कोड १८७० पासून लागू आहे आणि त्याच्या हिशेबात मुलगी मुलाइतकीच वारस. त्यामुळे ज्या घराण्याच्या वंशावळीत मुलीला रेघसुद्धा नाही, त्याच घराण्याच्या वाटणीच्या कागदावर ती नाव, नवरा, गाव आणि कधी कधी अंगठ्यासकट हजर. सरकारी शाईत पोर्तुगीज स्पेलिंगने लिहिलेल्या या आत्या-आज्या मी एकेक करून फाइलमध्ये आणल्या. काकांनी विरोध केला नाही, पण खूशही नव्हते. "भाट वाटायच्या कागदावरून माणसं आणायची म्हणजे..." एवढंच म्हणून थांबले. त्यांचं म्हणणं मला कळत होतं. त्या कागदावर बऱ्याच जणी हक्क सोडल्याची सही करायलाच आलेल्या आहेत. माझ्या स्वतःच्या नोंदीत मी माझं लग्नातलं नाव दुसरं म्हणून घातलं आणि पहिलं पहिलंच ठेवलं. सासूबाईंना फाइल दाखवायची वेळ अजून आलेली नाही.

त्या नव्या प्रोग्रॅमने गाळलेल्या तिथ्या वहीवरून परत भरताना शकाचा प्रश्न आलाच. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन, पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या मृत्यूंना एकोणऐंशी. काकांनी काही ठिकाणी साल दिलंय, बऱ्याच ठिकाणी नाही, कारण श्राद्धाला साल लागतच नाही. आमच्या वहीत मरणाच्या तिथ्या भरभरून आणि जन्माच्या तारखा जवळजवळ नाहीत. जन्म एकदाच होतो. त्याची तारीख लक्षात ठेवून करायचं काय, असं त्यांना वाटत असावं. मी सालं ओढूनताणून बसवली नाहीत. कंसात तिथी, तशीच.

आता हा एडिटर काकांच्या लॅपटॉपवर आहे, आणि त्यांच्या थोरल्या बहिणीने, माझ्या आतेने, नातवाकडून तिच्याही घरी घालून घेतला आहे. फाइल दोघांत इकडून तिकडे जाते. त्यातून एक नवीनच प्रकरण सुरू झालंय. काकांच्या जन्मदाखल्यावर १४ ऑक्टोबर १९४६ आहे. आते म्हणते, "साफ खोटं, हा चवथीच्या आदल्या रात्री झाला. मी गणपतीवरच्या माटोळीला बांधायची फळं पुसत होते आणि मला न सांगता सगळे आत धावले, नोंद बाबांनी उशिरा केली म्हणून तारीख पुढची." चवथ म्हणजे गणेशचतुर्थी, ती ऑक्टोबरात येत नाही, तेव्हा दोन्ही खरं असणं शक्य नाही. काका म्हणतात, पेन्शन, पासपोर्ट, मतदान सगळं ऑक्टोबरवर चाललंय, तेव्हा मी ऑक्टोबरचा. मी दोघांना सांगितलं की एका माणसाला दोन जन्म लिहिता येतात, साचा आक्षेप घेत नाही. फक्त एक आहे: जो आधी लिहाल तो इतर प्रोग्रॅम मुख्य मानतात.

हे मी सांगायला नको होतं की काय, कोण जाणे. एडिटरमध्ये ओळी वर-खाली करायचे दोन बाण आहेत, टिपांचा क्रम लावायला म्हणून घातलेले. फाइल आतेकडून आली की चवथ वर असते. काकांकडून आली की ऑक्टोबर. दोघंही दुसऱ्याची ओळ पुसत नाहीत. मी एफसी लावून बघते, तर बाकी फाइल जशीच्या तशी, फरक तेवढाच.